सव्वातीनच्या भोंग्याचा सूर

माझा आवाज मोठा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी फुशारकी म्हणायला नको. तळवड्याच्या आमच्या मळ्यात उभं राहून मी बैलाला हाक मारली की चिखलीतले बैल जागच्या जागी थांबायचे आणि त्यांचे मालक आमच्या आईकडे तक्रार घेऊन यायचे. एकदा एसटी चुकू नये म्हणून मी लांबूनच नुसतं ‘ओ’ केलं, तर ती थांबलीच, पण कासारवाडीला आगगाडीही दोन मिनिटं जास्त उभी राहिली. गार्डानं नंतर मला हात जोडले. यातलं निम्मं खरं आहे. कोणतं निम्मं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

नोकरी पिंपरीत, प्रेस शॉपमध्ये. म्हणजे पत्रा दाबून त्याचे सुटे भाग काढायचं खातं. अठरा प्रेस एकदम चालू झाले की जमीन थरथरायची, कपातल्या चहावर गोल कडी उमटायची, आणि शेजारच्या माणसाशीसुद्धा हातवारे करून बोलावं लागायचं. त्या गोंगाटातून एकच आवाज आरपार जायचा, तो माझा. फोरमनसाहेबांनी खात्यासाठी टेलिफोन मागितला होता. मी त्या खात्यात आल्यावर त्यांनी तो अर्ज मागे घेतला.

आता या आवाजामुळे मी नाताळच्या गाण्यात कसा सापडलो ते सांगतो. साल नेमकं विचारू नका, आणीबाणीच्या थोडं आगंमागं.

आमच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायच्या खात्यात, एक मास्तर होते. खरोखरचे मास्तर. नगर जिल्ह्यातल्या आपल्या गावी मिशनच्या शाळेत शिकवायचे, ते सोडून कंपनीत आले, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. अंगानं काडी, आणि बोलणं इतकं हळू की ते रजा मागायला गेले की साहेबालाच पुढं वाकावं लागायचं. पण कानशीचा हात असा की लोखंडाचा तुकडा केसाच्या निम्म्यानं जाड असला तरी बोट फिरवून सांगायचे. त्यांचे वडील गावचे जुने गुरुजी. गावच्या चर्चमध्ये चाळीस वर्षं पेटी पुढ्यात घेऊन गाणं त्यांनीच सांगितलेलं. मुलानं शाळा सोडली, गावचं गाणं सोडलं आणि तेलकट कपड्यांची नोकरी धरली, याचा त्यांना एवढा राग की दोन वर्षं ते मुलाच्या घराची पायरी चढले नव्हते.

हे मला त्या वेळी काही ठाऊक नव्हतं. एके दिवशी कॅन्टीनमध्ये मास्तर माझ्यासमोर येऊन बसले. मी टेबलाच्या त्या टोकाला ओरडून मीठ मागवत होतो.

“तुम्ही गाता का?” त्यांनी विचारलं.

“गातो की. लग्नातलं पायजे का बारशाचं?”

“नाताळचं.”

माझा घास थांबला. “मास्तर, आमच्या घरी म्हसोबा आन् खंडोबा. तुमच्या देवाला चालंल का?”

“त्याला खालच्या आवाजाची गरज आहे,” मास्तर म्हणाले. “बाकीचं तो बघून घेईल.”

कासारवाडी स्टेशनापासून सात-आठ मिनिटांवर त्यांचं पत्र्याच्या छपराचं छोटं चर्च होतं. गायनमंडळीत बायका सहा आणि पुरुष अडीच. अर्धे म्हणजे एक दमेकरी काका. ते एक ओळ गायचे आणि पुढची ओळ बसून काढायचे. त्यात पेटीचा भाता उंदरांनी खाल्लेला. ती दुरुस्तीला पुण्याला गेली होती आणि दुरुस्ती करणारा नाताळनंतरचा वायदा देऊन बसला होता.

घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, “देवाचंच गानं हाय न्हवं? मग जा. पन खाऊन जा. उपाशीपोटी वरडलास की तुजा सूर फाटतो.”

मी एकटा जाणार नव्हतो. आमच्या कंपनीत एक वेल्डर होता, परभणीकडचा. बौद्ध वस्तीतल्या गायनपार्टीचा म्होरक्या. जयंतीला तो गायला उभा राहिला की चिंचवडपर्यंतचे लाउडस्पीकर लाजून बंद पडायचे. त्याला मास्तरांकडे घेऊन गेलो. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, “येतो मी. पण आमच्या जयंतीला तुम्ही बी यायचं, मास्तर. कोरस कमी पडायलाय.” मास्तरांनी तिथल्या तिथे हात पुढे केला. सौदा झाला.

गाणं मूळचं जुनं. मास्तरांच्या गावात आज्या-पणज्यांपासून चाललेलं, मराठी शब्दांचं, सरळ चालीचं. सगळ्यांनी एका सुरात, पेटीबरोबर, सावकाश म्हणायचं. ते मास्तरांनी खोललं होतं, आपण गिअरबॉक्स खोलतो तसं. एका आवाजाचे चार आवाज केले होते. चाल आधी वरच्या बायकांकडे, तिथून मधल्या बायकांनी ती हळूच पळवायची, मग पुरुषांच्या वरच्या फळीनं हिसकावून घ्यायची. आणि आम्ही तळाचे? आम्ही एक सूर धरून उभं राहायचं. बस्स. सगळं गाव जत्रेत हिंडतंय आणि आम्ही तंबूचा खांब धरलेला.

“मास्तर, माज्या वाट्याला चारच सूर हायेत!” मी तक्रार केली.

“ते चार काढले तर वरचं सगळं पडतं,” मास्तर म्हणाले.

खांब म्हटल्यावर आपली काही हरकत नव्हती.

आम्हा दोघांना नोटेशन वाचता येत नव्हतं. मास्तरांनी त्याला तोड काढली. टूलरूममधल्या रद्द झालेल्या ड्रॉइंगच्या पाठीवर त्यांनी अख्खं गाणं यंत्राच्या भागासारखं काढून दिलं. चार आवाजांच्या चार रेघा. रेघ लांब तर सूर लांब. एक इंच म्हणजे एक श्वास. रेघ वर चढली की आवाज वर, खाली उतरली की खाली. कुठं थांबायचं तिथं सेंटर पंचची खूण, म्हणजे पत्र्यावर भोकाच्या जागी ठोकतात तसा ठिपका. वेल्डर ते बघून म्हणाला, “हे असं पहिल्यांदाच सांगितलं असतं, तर मी आतापर्यंत मोठा गवई झालो असतो.”

त्या ड्रॉइंगवर एका जागी तांबड्या पेन्सिलीनं गोल केला होता. तिथं वरच्या बायकांचा सूर आणि मधल्या बायकांचा सूर एकमेकांना खेटून उभे राहायचे. खेटून म्हणजे पुनावळ्याच्या जुन्या बैलवाटेत दोन गाड्या समोरासमोर आल्यासारखे. कानाला असं कचकचायचं की माझी दाढ दुखायची. आम्ही तळाचे त्याच वेळी आपला सूर सोडून मधल्या बायकांच्या सुरावर चढायचं, म्हणजे गाडीला तिसरी गाडी. पहिल्या दिवशी मी माणुसकी दाखवली. गुपचूप तिथून निघून मास्तरांच्या बायकोच्या, म्हणजे मास्तरणींच्या, वरच्या सुराला जाऊन मिळालो.

मास्तरांनी हात खाली घेतले. “तुम्ही सरकलात.”

“घासत हुतं, मास्तर. मी वाट दिली.”

“वाट द्यायची नाही. घासू द्या.”

“पन का?”

“भोकात धातूचा बुश ठोकून बसवताना घट्ट जातो की नाही? सैल गेला तर काय उपयोग? इथं घट्ट जायला पाहिजे. मग पुढच्या ओळीला सगळे एकदम सुटतात, तेव्हा माणसाला बरं वाटतं.”

हे मात्र मला पटलं. पण पटणं वेगळं आणि दाढ वेगळी. पुढच्या दहा तालमींत मी नऊ वेळा सरकलो. मास्तरीण मागं वळून म्हणायच्या, “भाऊजी, आवाज दाराबाहेर ठेवून नुसते तुम्ही आत आलात तरी चालेल.”

तालीम कुठं करायची हा मोठा प्रश्न. निम्मी मंडळी पहिल्या पाळीची, निम्मी दुसऱ्या पाळीची. पहिली पाळी तीनला सुटायची, दुसरी साडेतीनला लागायची. म्हणजे सगळे एकत्र सापडणार ते मधल्या अर्ध्या तासात, कंपनीच्या गेटसमोर, कडुनिंबाच्या झाडाखाली. बायका कॉलनीतून चालत यायच्या. एकीकडून सायकली सुटतायत, दुसरीकडून सायकली शिरतायत, शेंगदाणेवाला ओरडतोय, आणि मध्ये आम्ही देवदूतांची वार्ता गातोय. बघायला एवढी गर्दी व्हायची की दोन आठवड्यांत शेंगदाणेवाल्यानं पक्कं घर बांधलं.

पेटी नाही म्हणून सुरुवातीचा सूर रोज वेगळा लागायचा. एक दिवस वर लागला तर बायका शिट्टीसारख्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी खाली लागला तर आम्ही तळाचे जमिनीत गाडले गेलो. मला एक सूर काढायला अक्षरशः खाली बसावं लागलं. मास्तर हैराण झाले. आणि तेव्हा एक युक्ती निघाली. ती वेल्डरची होती असं मी बरीच वर्षं सांगत आलो. आता तो रिटायर होऊन परभणीला गेलाय, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. युक्ती माझी होती.

सव्वातीनला कंपनीचा इशाऱ्याचा भोंगा व्हायचा. दुसऱ्या पाळीनं आत शिरावं म्हणून. भोंगा खालून सुरू व्हायचा, वर चढायचा आणि वर जाऊन एका जागी घट्ट उभा राहायचा. चांगला अर्धा मिनिट. मी म्हटलं, “मास्तर, ह्यो रोज एकाच सुरात वरडतो. ह्याच्यावर लावा की.”

मास्तरांनी डोळे मिटून भोंगा ऐकला. मिटलेल्या डोळ्यांनी ते पहिल्यांदा हसले. “अगदी बरोबर बसतो,” म्हणाले. “बायकांनाही आणि तुम्हालाही.”

त्या दिवसापासून आमची पेटी म्हणजे भोंगा. सव्वातीनला तो वर जाऊन उभा राहिला की मास्तरांचा हात खाली यायचा आणि आम्ही त्याच्या पोटातून निघाल्यासारखे गाणं सुरू करायचो. गाणं संपलं की दुसऱ्या पाळीची मंडळी गेटकडे पळायची.

डिसेंबर सुरू झाला आणि गावाकडून गुरुजींचं कार्ड आलं. मास्तरांनी ते मला दाखवलं. अक्षर मोत्यासारखं, मजकूर खिळ्यासारखा. ‘ऐकतो की गाण्याचे तुकडे केले आहेस. नाताळास येत आहे. ऐकण्याजोगे नसेल तर मध्येच उठून एसटीला जाईन. तुझ्याकडे मुक्काम फक्त आदल्या दिवसाचा.’

“दोन वर्षांनी येतायत,” मास्तर म्हणाले. “मला शाबासकी नको हो. शेवटपर्यंत बसले तरी पुरे.”

मी आणि वेल्डरनं एकमेकांकडे बघितलं. त्या दिवसापासून मी सरकायचं सोडलं. म्हणजे कमी केलं.

आता एक अडचण उरली होती. नाताळची उपासना सकाळी, चर्चमध्ये. तिथं सूर कोण देणार? पण तीही माझ्या डोक्यानं सोडवली. आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारची, त्यामुळे रविवारी कंपनी चालू. बरोबर अकराला पहिल्या पाळीच्या जेवणाचा भोंगा व्हायचा आणि तो चर्चमध्ये असा घुमायचा की पाळकसाहेब उपदेश मध्येच थांबवून छपराकडे बघत उभे राहायचे. वर्षानुवर्षं दर रविवारी. मी म्हटलं, गाणं अकराच्या ठोक्याला ठेवा. देवाच्या घरात कंपनीचा सूर फुकटात.

पाळकसाहेबांना पटलं. मास्तरांना पटलं. मास्तरणींना पटलं. दमेकरी काकांनाही पटलं. आम्ही सगळे कंपनीची माणसं. पगारी सुट्ट्यांची यादी आमच्यातल्या प्रत्येकाला स्वतःच्या मुलांच्या नावांपेक्षा पाठ. नाताळची सुट्टी म्हणून मी तर दोन महिने आधीच कॅलेंडरवर गोल केलेला. आणि तरीही, राव, एकाच्याही डोक्यात आलं नाही.

चोवीसला दुपारी गुरुजी आले. उंच, ताठ, धोतर, काळा कोट, खांद्याला कापडी पिशवी. मास्तर त्यांना थेट तालमीलाच घेऊन येणार होते, पण म्हातारा म्हणाला, “कच्चं ऐकत नाही मी.” आणि रस्त्याच्या पलीकडे पाठ करून उभा राहिला. नेमका सव्वातीनचा भोंगा झाला. म्हाताऱ्यानं कानावर हात ठेवला.

“हा रेडा रोज ओरडतो?” त्यांनी सुनेला विचारलं.

“दिवसातून सहा वेळा, मामंजी.”

“आणि तुम्ही ऐकून घेता?”

आम्ही गायलो. म्हाताऱ्यानं काही वळून बघितलं नाही.

नाताळच्या सकाळी चर्च गच्च भरलं होतं. पताका, कागदी तारे, पोरांच्या खिशात शंकरपाळ्या. मी लग्नातला कोट घातलेला. तो माझ्या लग्नातला नव्हता, त्यामुळे बटणं लागत नव्हती. गुरुजी दुसऱ्या बाकावर, वाटेच्या कडेला बसले होते. पिशवी त्यांनी खाली ठेवली नव्हती. मांडीवर घेऊन, पट्टा हाताला गुंडाळून, असे बसले होते की गाडी थांबली की उतरायचंच. मास्तरांनी ते बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम आला. डिसेंबरमध्ये.

पाळकसाहेबांना सांगून ठेवलं होतं की अकराला एक मिनिट कमी असताना उपदेश संपवा. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दहा मिनिटं आधी संपवला. मग वेळ काढायला सूचना सुरू केल्या. कुणाची छत्री राहिली आहे. कुणाचा चष्मा राहिला आहे. तोच चष्मा मागच्या वर्षीही राहिला होता. शेवटी त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि आमचं नाव पुकारलं.

आम्ही उभे राहिलो. मास्तरांनी हात वर केले. घड्याळाचा काटा अकरावर आला.

काही नाही.

आम्ही वाट बघितली. घड्याळ पुढं असेल. मास्तरांचे हात वरच. एक मिनिट झालं. छपराच्या वाशावर एक चिमणी होती, तिनं इकडून तिकडे उडी मारली, ती ऐकू आली. एका पोरानं शंकरपाळी चावली, ती ऐकू आली. इतकी वर्षं पिंपरीत काढली, पण पिंपरी गप्प असते कशी, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. भयंकर असते.

वेल्डर माझ्या कानाशी पुटपुटला, “सुट्टीय की रे आज.”

माझ्या पायाखालची फरशी गेली. मास्तरांनाही त्याच क्षणी कळलं, कारण त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी ओठांतल्या ओठांत एक सूर गुणगुणला, तो खाली लागला. मास्तरणींनी दुसरा दिला, तो वर लागला. दमेकरी काकांनी तिसरा दिला आणि खाली बसले. वेल्डरनं चौथा दिला. भाजीबाजारासारखे चार भाव झाले. आणि तेवढ्यात मी बघितलं, दुसऱ्या बाकावर गुरुजींनी पिशवीचा पट्टा खांद्यावर घेतला.

युक्ती माझी होती. मास्तर घाम पुसत होते आणि म्हातारा उठायच्या बेतात होता. मग मी जे केलं ते दुसरं कुणी केलं असतं असं मला वाटत नाही. मी छाती भरून घेतली आणि भोंगा झालो.

खालून सुरू केला. “भोंऽऽऽ” करत वर चढवला. खिडक्यांच्या काचा वाजायला लागल्या. चिमणी उडून गेली ती परत लोणावळ्यालाच दिसली म्हणतात. आणि मागच्या बाकांवरची तीन-चार माणसं, सगळी पहिल्या पाळीची, सवयीनं उठून उभी राहिली. एकानं तर हात पुसून डबा शोधायला सुरुवात केली. मग त्यांच्या लक्षात आलं आणि सगळं चर्च हसायला लागलं. पाळकसाहेबांनी पुस्तक तोंडापुढे धरलं होतं, पण पुस्तक हलत होतं.

आणि गुरुजी उभे राहिले.

हसणं तुटलं. मास्तरांनी हात खाली सोडले. म्हातारा वाटेत आला. आता दाराकडे वळणार, असं सगळ्यांना वाटलं. माझा भोंगा मात्र चालूच होता.

“तो भोंगा बंद करा,” गुरुजी मला म्हणाले. “उतरलाय तो. कालचा एवढा खाली नव्हता.”

त्यांनी पिशवी खांद्यावर तशीच ठेवून डोळे मिटले, आणि त्या म्हाताऱ्या, कोरड्या गळ्यातून एक सूर काढला. बारीक, पण दोरीसारखा सरळ. तो बरोबर होता हे मला कसं कळलं विचाराल, तर सांगतो. माझी टाच आपोआप गेटच्या दिशेला वळली. तोच सूर. रस्त्यापलीकडे पाठ करून, कानावर हात ठेवून म्हाताऱ्यानं तो घेऊन ठेवला होता.

मास्तर वडिलांकडे बघतच राहिले. गुरुजी सूर धरूनच होते. त्यांचा श्वास संपत आला. त्यांनी डोळे न उघडता, मोकळ्या हातानं, वर्गात पोराला करतात तशी खूण केली: लाव की.

मास्तरांचा हात खाली आला.

आम्ही काय गायलो ते मला सगळं आठवत नाही. वरच्या बायकांनी चाल उचलली, मधल्यांनी पळवली, वेल्डर एका जागी इतका रंगला की त्यानं जयंतीतली एक हरकत मध्ये टाकली आणि ती बसली. मी खांब धरून होतो. मग तो तांबडा गोल आला. सूर खेटले. दाढ ठणकली. मी ठरल्या जागी चढलो आणि तिथून हललो नाही. म्हणजे फार हललो नाही. आणि पुढच्या ओळीला सगळे एकदम सुटलो, तेव्हा समोरच्या बाकावरच्या एका म्हातारीनं ‘हां’ केलं, पाठीवरचं ओझं उतरवल्यावर करतात तसं. मास्तर म्हणाले होते तसंच. माणसाला बरं वाटतं.

गाणं संपलं तेव्हा मी आधी दुसऱ्या बाकाकडे बघितलं. गुरुजी परत बसले होते. केव्हा बसले कळलं नाही. पिशवी पायाशी जमिनीवर होती.

बाहेर अंगणात केक आणि करंज्या वाटत होते. मास्तर वडिलांसमोर जाऊन उभे राहिले. गुरुजींनी करंजी अर्धी खाल्ली, उरलेली हातात धरून म्हणाले, “ते घासतं तिथं फार लवकर सुटता.”

“म्हणजे?” मास्तर.

“अजून एक श्वास थांबा. लोकांना थोडं दुखू दे.” मग ते माझ्याकडे वळले. “आणि तुम्ही सरकता.”

“मी न्हाई सरकलो, गुरुजी!” माझा आवाज आपला नेहमीचा. अंगणातली सगळी पोरं वळून बघायला लागली.

“थोडे सरकलात,” गुरुजी म्हणाले. “पण परत आलात. ठीक आहे.”

मास्तरीण म्हणाल्या, “मामंजी, एसटी किती वाजताची?”

“कसली एसटी?” म्हातारा चिडून म्हणाला. “उद्या तुमचा तो रेडा किती वाजता ओरडतो तेवढं सांग. मला त्याचा खालचा भाग नीट ऐकायचाय.”

ते आठ दिवस राहिले. रोज सव्वातीनला गेटसमोर यायचे. शेंगदाणेवाला त्यांना ‘भोंगेवाले बाबा’ म्हणायला लागला आणि त्यांनी ते चालवून घेतलं.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर पुन्हा कार्ड आलं. तेच मोत्याचं अक्षर. ‘गावच्या मंडळींना तुझं गाणं शिकवत आहे. ड्रॉइंगची एक प्रत पाठव. बायका चांगल्या आहेत. खालचा आवाज नाही आणि गावात भोंगा नाही. तो भोंग्यासारखा गृहस्थ चार दिवस मिळेल का? सरकणार नसेल तर.’

मी रजेचा अर्ज केला. कारण लिहिलं: नाताळ. फोरमनसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला, माझ्या कपाळावरच्या भंडाऱ्याकडे बघितलं आणि सही केली. पण चार दिवस टेलिफोनशिवाय खातं कसं चालवायचं म्हणून फार कुरकुरले. वेल्डरनंही सोबत रजा टाकली. त्याला विचारलं, तुला कुठं बोलावलंय? तर म्हणाला, “मी तुझ्या बाजूला उभा राहायला यायलोय. सरकलास की तुझ्या पायावर पाय द्यायला.”

नगरच्या गाडीत तो पाचही तास त्याचीच प्रॅक्टिस करत होता.